दुसरा गडवा

माझे सासरे आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि तेव्हा मी त्यांच्या शेजारीच उभी होते. तोंडाची एवढी फटकळ मी, माहेरी मला मिरचीच म्हणायचे, पण त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या एका खोट्यापायी माझ्या आठ महिन्यांच्या पोरीचा जीव टांगणीला लागला. खोटं एकट्या त्यांचं नव्हतं, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आमचं गाव धाम नदीच्या काठी, पवनारच्या खालच्या अंगाला. होळी झाली की नदीची धार बोटभर उरायची आणि सगळं गाव वाळूत झिरे खोदायचं. झिरा म्हणजे वाळूतला खड्डा, कंबरभर खोल. तळाशी पाणी हळूहळू पाझरतं, ते वाटीनं उचलून गुंडात, म्हणजे घागरीत, भरायचं. एक गुंड भरायला अर्धा तास लागायचा, पण वाळूतून गाळून आलेलं ते पाणी असं गोड, की विहिरीचं त्याच्यापुढे काहीच नाही.

झिऱ्यांनाही पायरी होती. सगळ्यात वर पाटलांचे, मग कुणब्यांचे, मग तेल्यांचे. आणि जिथे नाला येऊन नदीला मिळतो, त्याच्याही खाली आमच्या वस्तीचे. आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, त्यानंतरचा तो दुसरा उन्हाळा. दीक्षा घेतली तशी वस्तीनं मेलेली ढोरं ओढणं सोडलं, सासऱ्यांनी येसकराची, म्हणजे गावच्या राखणदाराची, काठी कायमची कोपऱ्यात ठेवली, आणि गाव चिडलं. गावची विहीर आधीही आमची नव्हती. आता वरच्या झिऱ्यांकडे नुसतं फिरकायचीही सोय राहिली नाही. कायदा झाला होता म्हणे. झाला असेल, वर्ध्याला झाला असेल.

त्याच साली नाल्याच्या वरच्या टोकाला सूत रंगवायचा कारखाना आला. कारखाना कसला, चार टिनाच्या शेड आणि दहा-बारा कढया. मालक बाहेरगावचा, तो कधी दिसायचा नाही. सगळा कारभार मुनीमजीच्या हाती. रोज संध्याकाळी कढया नाल्यात उलट्या व्हायच्या. पहिल्या दिवशी नाला निळा झालेला पाहून पोट्टे टाळ्या वाजवत होते. महिनाभरात तो निळा रंग आमच्या झिऱ्यांत पाझरायला लागला. वाळू गाळ अडवते, रंग अडवत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास यायचा. मोठी माणसं नाक धरून पीत होती. लेकरांना कुठे नाक धरता येतं?

चैत्रात वस्तीतली दोन लेकरं हगवणीनं गेली. मग माझ्या पोरीलाही हगवण लागली. दोन दिवस बरी असायची, चार दिवस आजारी. माझं दूध आटत चाललं होतं, पेज करून पाजावी तर पेजेला पाणी तेच. लेकराच्या अंगातलं पाणी कमी झालं की टाळू खोल जाते, हे मला शेजारच्या म्हातारीनं सांगितलं आणि माझ्या जिवाला घोर लावून दिला. त्या दिवसापासून माझं बोट सारखं तिच्या टाळूवर. चूल पेटवताना, भाकर थापताना, मध्येच उठून हात पुसायचा आणि टाळू चाचपायची. माझा नवरा रेल्वेच्या गँगवर, आठवड्यातून एकदा घरी येणारा. एका रविवारी आम्ही तिला वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण पाणी बदला.

पाणी बदला! जसं काही लुगडं बदलायचं.

घरी आले ती तणतणतच. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. त्यांना म्हटलं, "मामाजी, मी सरकारात अर्ज लिवतो. तुमी वस्तीचे अंगठे घेऊन या."

मी चौथी पास होते. वस्तीतल्या बायकांत लिहिता येणारी मी एकटीच. मामाजींना अक्षर येत नव्हतं, पण येसकर म्हणून त्यांनी उभा जन्म सरकारी कागद वाहिले होते. पाटलाकडून तहसिलीत, तहसिलीतून पाटलाकडे. कागद उपरण्यात गुंडाळून न्यायचा आणि ऑफिसच्या पायरीखाली ठेवून लांब उभं राहायचं. ते म्हणाले, "दुसऱ्याचे लय नेले. आता आपला नेऊ."

अंगठे मिळवणं सोपं नव्हतं. चार घरची माणसं त्याच कारखान्यात कामाला होती. "पाण्यात राहून माशाशी वैर काऊन करता?" असं म्हणून त्यांनी दारं लावून घेतली. मामाजी तीनतीनदा गेले. मी एकीला तोंडावर म्हटलं, "तुह्या घरात पाळणा नाई म्हणून तुले सुचते हे." तसं बोलायला नको होतं, पण बोलले. शेवटी तिनंही अंगठा दिला. आणि शाई कुठून आणायची? नाल्याच्या तोंडाशी निळा गाळ साचून वाळला होता. त्यातच थुंकी लावून अंगठे बुडवले आणि कागदावर उमटवले. मला वाटलं, साहेबाला हे पाहूनच कळेल. ते अंगठे शाईचे नाहीत हे अर्जात लिहायचं मात्र मी विसरले. ऑफिसात त्यांना ती शाईच वाटली.

तरी अर्ज लागला. आरोग्य खात्याचे साहेब पाहणीला येणार, असा निरोप घेऊन चपराशी आला. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि हे साहेब तिकडचे, पुण्याकडचे होते. तरुण आहेत, शिकलेले आहेत, असं चपराशी म्हणाला. आणि जाता जाता त्यानं मामाजींना सांगितलं, "हे साहेब तुमच्या लोकाईच्या हातचं पाणी पेते, बरं."

इथेच सगळं बिघडलं.

मामाजी ओट्यावर बसले ते बसलेच. साठी ओलांडलेला माणूस. त्यांच्या हातचं पाणी आजवर वस्तीबाहेरच्या कुणी घेतलं नव्हतं. गावात कुणाला तहान लागली आणि मामाजी जवळ असले तर तो माणूस तहानेला राहायचा. ते मला म्हणाले, "सुनबाई, साहेब आपल्या घरी पाणी पिईन." मग थोड्या वेळानं पुन्हा तेच.

आता बाहेरच्यांना हे वेडेपण वाटेल. पण येणाऱ्याला घाणेरडं पाणी कसं द्यायचं? पाहुणा आला की गडवा, म्हणजे पितळी तांब्या, राखेनं घासायचा, काठोकाठ भरायचा, वर फडक्यानं पुसून द्यायचा. ही आमची रीत, आणि गरिबाजवळ देण्यासारखं दुसरं असतंच काय? साहेब येणार त्या सकाळी सगळ्या बाया नदीवर गेल्या आणि झिरे उपसायला लागल्या. मीही त्यांत होते. उपसून उपसून तळाची वाळू बदलली. झिऱ्याभोवती झाडून काढलं. पोरगी दाखवायची असल्यासारखे आम्ही आमचे झिरे दाखवायला सजवले! त्यात मुनीमजीला साहेबाची वर्दी आधीच लागली होती. दोन दिवस कढया थंड होत्या. झिऱ्यातलं पाणी त्या सकाळी नुसतं फिकट दिसत होतं.

आणि गडव्यातलं पाणी? ते मी आणलं. मी ज्या कुणबिणीच्या वावरात निंदायला जायची, तिच्या वावरात विहीर होती. मी तिच्यापुढे पदर पसरला. ती मनानं चांगली होती. इकडे तिकडे पाहून तिनं एक गुंड ओतून दिला आणि म्हणाली, "आता परत मांगू नोको बाई, मलेच घरात बोल बसन." तो गुंड डोक्यावर घेऊन येताना मी पोरीला दोन घोट पाजायलाही थांबले नाही. साहेबासाठी आहे म्हणून. हे आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

साहेब जीपनं आले. आधी कारखान्यात थांबले, मग पाटलांना घेऊन नदीवर उतरले. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी नाही, घामानं निथळत होते. झिऱ्यात वाकून पाहिलं, हातात पाणी घेतलं, वास घेतला. मामाजी लांब उभे होते, सवयीनं. साहेब त्यांच्याकडे वळून म्हणाले, "आजोबा, पाणी द्या बरं थोडं."

मामाजींनी गडवा दोन्ही हातांनी पुढे केला. साहेब तो तोंड लावून प्यायले, सगळा, पाटलादेखत. मिशा पुसून विचारलं, "गोड आहे की. हेच पाणी पिता ना तुम्ही?"

मी मामाजींकडे पाहिलं. खरं सांगायचं तर म्हणावं लागणार होतं, की नाही साहेब, हे कुणब्याच्या विहिरीचं आहे. म्हणजे मग साहेब प्यायले ते कुणब्याचं पाणी. आमचं नाहीच. मामाजींच्या डोळ्यांत पाणी उभं होतं, आणि तसा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "हाव साहेब. आमचंच हाय. आमच्या घरचं."

बोलणाऱ्याची अंबाडी विकते, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत, ही म्हण मी दुसऱ्यांना शंभरदा ऐकवली असेल. त्या वेळी मी पदर तोंडात धरून उभी राहिले. कडेवर पोर होती. तिचं डोकं माझ्या गळ्याशी होतं आणि माझं बोट तिच्या टाळूवर होतं. बोलले असते तर मामाजींच्या तोंडातला घास काढून घेतल्यासारखं झालं असतं. नाही काढला मी.

साहेब गेले. मामाजी त्या दिवशी घरोघर जाऊन सांगत होते. चपराशाला भेटून सांगितलं, पवनारच्या बाजारात जाऊन सांगितलं. तिसऱ्या दिवशी कढया पुन्हा पेटल्या.

पंधरा दिवसांनी कागद आला. मीच वाचला. पाहणी केली, पाणी पिण्यास योग्य दिसलं, अर्ज निकाली काढला. मी दोनदा वाचला. पोरगी तेव्हा रडायचीही थांबली होती. रडणारं लेकरू परवडलं. नुसतं पडून टकामका पाहणाऱ्या लेकराची भीती वाटते. तिची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. टाळूत माझ्या बोटाचं टोक बसायचं.

मी कागद मामाजींसमोर आपटला. "बसा आता! सांगा गावभर, साहेब पाणी पिला म्हणून. तुमच्या मानापायी माही पोरगी चालली. तिले काय सांगू मी? आजोबाले लय आनंद झालता म्हणून सांगू?"

सासऱ्याशी असं बोलायची पद्धत नव्हती. शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या. मामाजी उठून पोरीजवळ आले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले. त्यांचा अंगठा टाळूच्या खड्ड्यात गेला तसा त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. त्यांनी ती टाळू आधी कधी चाचपलीच नव्हती. माझी चूक झाली असं ते म्हणाले असते तर मीही म्हणाले असते, की पाणी तर मीच आणलं होतं. पण दोघंही गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी भाकर बांधून ते पायी वर्ध्याला गेले. साहेब दौऱ्यावर होते. ऑफिसच्या पायरीखाली मामाजी दिवसभर बसले आणि परत आले. पुन्हा गेले. ते तीन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. ओल्या फडक्यानं पोरीचे ओठ भिजवायचे आणि रस्त्याकडे पाहायचं. ओलं फडकंही त्याच पाण्याचं, म्हणून मी आधी ते पाणी चार पदरी लुगड्यातून गाळायची, जसं काही त्यानं विष उतरणार होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामाजी आले. मी विचारायच्या आत म्हणाले, "सांगून आलो. लबाड बोललो म्हणून सांगून आलो. उद्या येते तो."

त्यांना साहेब काय म्हणाले, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

या वेळी साहेब वर्दी न देता आले, साधे बसनं. रस्त्यावरून चालत थेट नदीवर. तरी गावात बातमी लपते थोडीच? पाटील आणि मुनीमजी मागोमाग येऊन उभे राहिले. कुणी झिरा उपसला नव्हता, झाडलं नव्हतं. मी पोरीला खांद्यावर टाकून आले होते. मामाजी झिऱ्यात उतरले, वाटीनं पाणी उचललं आणि तोच गडवा भरला. त्या दिवशी पाणी निळं नव्हतं, जांभळ्यावर गेलं होतं. मामाजी वर आले आणि दाखवायला म्हणून त्यांनी गडवा साहेबासमोर धरला.

तेवढ्यात पाटील बोलले. "साहेब, इथी उन्हात काऊन थांबता? वाड्यावर चाला, सरबत करून ठेवलं हाय. या लोकाईचं पाणी काय पिता, बाप्पा!" आणि मुनीमजी हसला.

साहेबांचा चेहरा लाल झाला. माणूस तरुण होता, आणि मला वाटतं चांगला होता. पाणी कसलं आहे ते त्यांना दिसत होतं, वासही येत होता. पण त्या हसण्यानं त्यांचं डोकं फिरलं. "मागे प्यालो होतो," ते पाटलांकडे पाहत म्हणाले, "आजही पिईन." आणि त्यांनी मामाजींच्या हातातून गडवा घेतला.

सगळी वस्ती पाहत होती. पाटलांचं तोंड उतरलं. खोटं कशाला सांगू, माझ्या खांद्यावर माझी पोर मरणाला टेकलेली होती, तरी एक पळभर मलाही वाटलं, पिऊ दे. पिऊ दे याच्यासमोर. गडवा साहेबांच्या ओठाला लागला.

मामाजींनी हात मारून तो खाली पाडला.

"नोका पिऊ!" ते ओरडले. त्यांचा हात साहेबांच्या हातावर बसला होता. गडवा झिऱ्यात जाऊन पडला आणि साहेबांचा पांढरा शर्ट छातीपासून कमरेपर्यंत जांभळा झाला. "नोका पिऊ साहेब. मरान. माही नात पिते हे."

साहेबांनी शर्टाकडे पाहिलं. मग ते माझ्याजवळ आले, पोरीच्या डोक्याला हात लावला आणि लगेच वळून मुनीमजीशी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाटलीत पाणी भरून घेतलं. तोच शर्ट घालून ते बसनं वर्ध्याला गेले आणि तसेच मोठ्या साहेबांपुढे उभे राहिले, असं चपराशी सांगायचा.

त्याच संध्याकाळी साहेबांच्या हुकमानं एक शिपाई येऊन नदीवर बसला आणि आमचे झिरे नाल्याच्या वर खोदले गेले. पाटलांच्या झिऱ्यापासून बारा पावलांवर. कारखाना काही बंद झाला नाही. त्यांना नाल्यापासून लांब खड्डे खोदून कढया त्यात ओताव्या लागल्या, आणि ते नीट करतात का हे पाहायला आम्ही बाया रोज जात राहिलो, पुढे दोन वर्षं. मुनीमजी आम्हाला पाहिलं की थुंकायचा. थुंकेना का.

नव्या झिऱ्याचं पाणी मी पोरीला चमच्यानं पाजलं. थेंब थेंब, दिवसभर. पहिले चार दिवस काहीच फरक नव्हता, आणि त्या चार दिवसांत मी टाळूला हात लावला नाही, माझी हिंमतच होत नव्हती. पाचव्या दिवशी ती रडली. टाहो फोडून रडली. मीही तिच्यासोबत रडले. आता तिला नातवंडं आहेत.

पहिल्या गडव्याची गोष्ट मामाजींनी पंचक्रोशीत सांगितली होती. दुसऱ्या गडव्याचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. दुसरं कुणी सांगायला लागलं तर उठून जायचे. मला वाटायचं, लाज वाटत असेल. खूप वर्षांनी, अंथरुणाला खिळले होते तेव्हा, मी पाणी पाजत असताना त्यांनी माझा हात धरला.

"सुनबाई, तो पिला असता ना वं?"

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"सगळ्याईसमोर," ते म्हणाले. "पाटलासमोर. आमचं पाणी. त्या वक्ती तं खरंच आमचं होतं."

"हाव मामाजी," मी म्हटलं. "पिलाच असता."